शिवसागरावर कॅटामरान आणताय? या चुका टाळा

कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाकाठी मुनावळ्याला 2024 मध्ये जलपर्यटन केंद्र सुरू झालं, तेव्हापासून बामणोली-तापोळ्याकडे कॅटामरानची चर्चा वाढली आहे. दोन हलांची (म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या दोन लांबट सांगाड्यांची) ही बोट डोलते कमी, डेक ऐसपैस, पर्यटक खूश. घोळ इतकाच की लोक ती मालवणला किंवा गोव्याला समुद्रात बघतात आणि बयाणाही तिथेच देऊन येतात.

पहिली चूक लांबी बघण्याची. रुंदी विचारा. 9 मीटरची कॅटामरान चार-साडेचार मीटर रुंद असते, आणि आपल्याकडे रस्त्यावरच्या वाहनाला 2.6 मीटरची मर्यादा आहे. जास्त रुंद मालाला वेगळी परवानगी मिळेलही, पण साताऱ्याहून येताना यवतेश्वर घाटातल्या वळणांना ती कोण दाखवणार? एकाच साच्यात ओतलेली बोट म्हणूनच आपल्या कामाची नाही. हल सुटे आणि मधले आडवे बीम बोल्टने जोडलेले, अशीच घ्या. ती सोडवून जोडायला किती वेळ लागतो, वायरिंगला सांध्यावर कनेक्टर आहेत का, हे विक्रेत्याकडून करूनच दाखवून घ्या. पाण्याकाठी हायड्रा (क्रेन) उभी राहील अशी कडक जागाही आधी हेरून ठेवा.

दुसरी चूक म्हणजे दिवाळीतलं पाणी बघून बोट ठरवणं. मे महिन्यात पाणी कुठच्या कुठे मागे सरतं, उरतो तो चिखल, दगड आणि उघडी खोडं. कॅटामरानला पाणी कमी लागतं हे खरं, पण इंजिनाचा पंखा हलच्या खाली लोंबत असेल तर त्याचा उपयोग काय? वर उचलता येणारं आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन घ्या, आणि हलच्या तळाला घासण्यासाठी जाड पट्टी आहे ना, ते वाकून बघा.

वजनाचा हिशेब मात्र कागदावर मांडा. 9 मीटर लांब, 60 सेंटिमीटर रुंद असे दोन निमुळते हल असतील तर साधारण 80 किलोला बोट एक सेंटिमीटर खाली बसते. वीस माणसं म्हणजे 1500 किलो, बोट 18-19 सेंटिमीटर खाली. डेकचा तळ आणि पाणी यांच्यातलं अंतर तेवढंच घटतं, आणि वारा सुटला की लाटा खालून धडाधड आदळतात. म्हणून हे अंतर भरल्या बोटीचं विचारा. विक्रेता रिकामीचं सांगतो. वर छत, जनरेटर, फ्रीज चढवलात तर तेवढी माणसं कमी करा. ब्रह्मनाळला 2019 च्या पुरात क्षमतेपेक्षा जास्त माणसं बसलेली बोट उलटली होती, हे सांगली-साताऱ्यात कुणाला सांगायला नको. कॅटामरान सुरुवातीला फार स्थिर वाटते, पण ठरावीक कलानंतर तिचा तोल झपाट्याने जातो आणि उलटली की आपण होऊन सरळ होत नाही. वरचा मजला तर चढवूच नये, असं माझं मत.

इंजिनाची तक्रार बहुधा अशी: गोव्यात पळत होती, इथे आल्यावर दम लागतो. भरलेल्या शिवसागराची पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे 660 मीटर. हवा विरळ, त्यामुळे साध्या इंजिनाची ताकद सहा-सात टक्क्यांनी घटते. पूर्ण थ्रॉटलला आरपीएम (मिनिटाचे फेरे) कंपनीने दिलेल्या टप्प्यापर्यंत पोचत नसेल तर प्लग बदलत बसू नका. एक इंच कमी पिचचा (पिच म्हणजे पंखा एका फेऱ्यात जेवढा पुढे सरकेल ते अंतर) पंखा लावला की सुमारे दोनशे आरपीएम वाढतात. वळताना इंजिन उगाच किंचाळत असेल तर पंखा हवा ओढतोय. इंजिन खाली घ्या किंवा लांब शाफ्टचं लावा.

जुनी बोट घेताना आधी बीम आणि हलच्या सांध्याकडे जा. दोन्ही हल एकमेकांना पिळत असतात, त्यामुळे केसासारख्या भेगा तिथेच पडतात. नवा रंग फक्त तेवढ्याच जागी दिसला तर सौदा सोडा. फायबरवर तिरपा उजेड टाकून फोड शोधा, प्लॅस्टिकच्या हातोडीने ठोकत जा. बद्द आवाज आला तर आत थर सुटलाय. समुद्रातल्या बोटीला इंजिनाऐवजी स्वतः झिजणारे जस्ताचे अॅनोड असतात, ते गोड्या पाण्यात नीट काम करत नाहीत. मॅग्नेशियमचे बसवा, नाहीतर इंजिनाचा खालचा भाग गंजत जाईल.

कागदपत्रांचं थोडक्यात: 2021 च्या अंतर्देशीय जलयान कायद्याप्रमाणे नोंदणी आणि तपासणी लागते, त्यासाठी महाराष्ट्र सागरी मंडळाकडे बयाण्याआधीच विचारा. वासोटा किल्ल्याच्या पायथ्याला प्रवासी उतरवायचे तर वनखात्याची परवानगी वेगळी.

आणि चाचणी रिकाम्या बोटीवर घेऊ नका. 200 लिटरचे पाण्याने भरलेले सात-आठ ड्रम चढवा, म्हणजे वीस माणसांचं वजन झालं. आधी मध्यभागी ठेवून चालवा. मग बोट काठाशी बांधून एकेक ड्रम एका बाजूला सरकवा आणि दर वेळी किती कलते ते मोजा.