‘म्युलर’ आडनावाचं मूळ शोधताना या चुका टाळा

जर्मनीत सर्वांत जास्त आढळणारं आडनाव म्युलर. फुटबॉल पाहणाऱ्यांना गेर्ड म्युलर आणि थॉमस म्युलर ठाऊक असतात. पुण्या-मुंबईत जर्मन शिकणाऱ्यांचा तर पत्ताच मॅक्स म्युलर भवन. अर्थही अवघड नाही. लॅटिन ‘मोला’ म्हणजे जातं. त्यावरून ‘मोलिनारियस’, जुन्या जर्मनमध्ये ‘मुलिनारी’ आणि पुढे झिजत झिजत म्युलर, म्हणजे पाणचक्की चालवून दळण दळून देणारा. हे पाच मिनिटांत सापडतं आणि मूळ हाती लागलं असं वाटतं. पण त्यातून पूर्वजाचा धंदा तेवढा कळला, घराणं नाही. पुढच्या बहुतेक चुका इथेच सुरू होतात.

आडनाव एक, म्हणून कूळ एक

सर्वांत महागात पडणारी चूक ही. जर्मन प्रदेशात आडनावं रूढ होत होती तेव्हा गावोगाव ओढ्या-नदीवर चक्की असायची आणि ती चालवणारा बहुधा एकटाच. शेतकरी गावात खंडीभर, म्हणून ‘शेतकऱ्याचा हान्स’ म्हणून कोणाची ओळख पटत नसे. ‘चक्कीवाल्याचा हान्स’ म्हटलं की लगेच पटे. त्यामुळे शेकडो गावांत हे आडनाव एकमेकांशी संबंध नसताना तयार झालं. गावाला पाटील एक, म्हणून पाटील महाराष्ट्रभर. पण साताऱ्याचे पाटील आणि जळगावचे पाटील त्यामुळे भाऊबंद होत नाहीत, तसंच हे.

चक्कीवाल्याचं गावातलं स्थानही समजून घेण्यासारखं आहे. अनेक ठिकाणी जहागीरदाराने ठरवलेल्या चक्कीतच धान्य न्यायची सक्ती होती. प्रशिया या मोठ्या जर्मन राज्यात ती 1810 मध्ये उठली. सगळ्या गावाचं दळण ज्याच्या हातून जातं तो माप मारतो, हा संशय मग त्याच्यावर कायम. कारागिरांचे संघ त्याच्या मुलांना दारात उभं करायला कां-कूं करत. अशा मुलांना संघांतून वगळू नका, असं 1548 च्या पवित्र रोमन साम्राज्याच्या नियमावलीत मुद्दाम लिहावं लागलं. इतका अविश्वास असूनही हे नाव टिकलं आणि पसरलं, याचं कारण एकच: चक्कीवाचून कोणाचं चालत नव्हतं.

म्हणून ‘म्युलर घराण्याचं कुलचिन्ह’ अशी छापील पाटी कोणी विकत असेल तर घेऊ नका. कुलचिन्ह ठरावीक माणसाचं आणि त्याच्या वंशजांचं असतं, आडनावाचं नसतं.

प्रत्येक चक्की पिठाची समजणं

पाण्याच्या चाकावर तेलघाणी चालत, लाकूड चिरलं जाई, कातडी कमावण्यासाठी झाडाची सालही कुटली जाई. ओलम्युलर तेलाच्या चक्कीचा, लोम्युलर बहुधा सालीच्या चक्कीचा. ओबरम्युलर वरच्या अंगाच्या चक्कीचा, निडरम्युलर खालच्या. अशी जोडनावं सापडली तर जपा. नुसत्या म्युलरपेक्षा ती तुम्हाला जागेच्या कितीतरी जवळ नेतात.

एकाच स्पेलिंगवर अडून बसणं

मूळ स्पेलिंगमध्ये ‘यू’ अक्षरावर दोन टिंबं असतात. टिंबं देता येत नसतील तर त्याऐवजी ‘यू-ई’ लिहायचं, हा नियम. टिंबं नुसती गाळली तर नाव बदलतं. पण फ्रान्सच्या अल्सास भागात आणि लक्झेंबर्गमध्ये टिंबांविनाच ते अधिकृत आहे, तिथे ती चूक समजून दुरुस्त करू नका.

मिलरच्या बाबतीत घोळ जास्त. अमेरिकेच्या 2010 च्या जनगणनेत मिलर सातव्या क्रमांकावर आहे. त्यांत मूळचे इंग्रज आहेत, तसे नाव बदललेले जर्मनही. मात्र बव्हेरियातल्या श्वाबेन भागात, आउग्सबुर्गच्या आसपास, मिलर हे अस्सल जर्मन रूप आहे, कारण तिथल्या बोलीत तो स्वर ‘इ’कडे झुकतो. उत्तरेत त्याचंच म्योलर होतं. शिकलेल्या घराण्यांनी लॅटिन वळणाची मोलिटर, म्युलिउस अशी नावं घेतली.

ऑनलाइन शोधताना एम, मग तारांकन, मग एल-एल-ई-आर असं टाका; यातली बरीच रूपं एकदम पुढे येतील. साउंडेक्स ही उच्चारावरून नावाला सांकेतिक क्रमांक देणारी पद्धत. तिच्यावर चालणाऱ्या शोधात म्युलर, मिलर, म्योलर तिघेही एम-460 मध्ये पडतात, पण म्युलनर एम-456 मध्ये जातो. तो वेगळाच शोधावा लागतो. छापील जर्मन सूचीतही दोन पद्धती आहेत: शब्दकोशात टिंबांचा यू साध्या यूसारखा लावतात, टेलिफोन डिरेक्टरीत यू-ईसारखा. एका जागी नाव दिसलं नाही तर दुसरी जागा पाहिल्याशिवाय सूची मिटू नका.

जुनी दप्तरं वाचताना

चर्चच्या वह्यांत ‘आना म्युलरिन’ असं नाव येतं. हे वेगळं आडनाव नाही. बायकांच्या आडनावाला ‘इन’ जोडायची तेव्हाची रीत होती. वंशावळीत म्युलर असंच लिहा. कॅथलिक वह्या बऱ्याचदा लॅटिनमध्ये. त्यात ‘योहानेस श्मिट, मोलिटर’ असं दिसलं तर माणसाचं आडनाव श्मिट आणि धंदा चक्कीचा. घाईत वाचणारा इथे हमखास नवीन पूर्वज तयार करतो.

पश्चिम जर्मनीतल्या वेस्टफालियात आणखी एक पेच आहे. शेतवाडीवर जावई म्हणून आलेला माणूस वाडीचं नाव घ्यायचा आणि मुलंही तेच लावायची. नोंदीत ‘गेनांट’ म्हणजे ‘ऊर्फ’ हा शब्द दिसला की थांबा. दोन्ही नावं टिपून ठेवा, नाहीतर एका पिढीत धागा तुटेल.

लिपीचा प्रश्न स्वतंत्र आहे. कुरेंट या जुन्या जर्मन हस्ताक्षरात एन आणि यू ही दोन्ही अक्षरं म्हणजे दोन तिरके फटकारे. फरक कळावा म्हणून यूच्या डोक्यावर छोटी कमान काढत, आणि टिंबांच्या यूवर दोन बारीक रेघा. ई हे अक्षरही एनसारखंच, जरा दाटीने काढलेलं. शाई उडाली की आधी जातात त्या वरच्या खुणा, आणि मग सूची करणारा म्युलरचा मुलर किंवा मिलर करून ठेवतो. म्हणून सूचीवर विसंबू नका, मूळ पानाचं चित्र उघडा आणि त्याच लेखनिकाने त्याच पानावर लिहिलेला एखादा खात्रीचा शब्द शेजारी धरून अक्षरं जुळवा.

‘एलिस आयलंडवर नाव बदललं’

एलिस आयलंड म्हणजे न्यूयॉर्क बंदरातलं स्थलांतरितांच्या तपासणीचं केंद्र. अमेरिकेत गेलेल्या घराघरांत हे सांगितलं जातं, पण तिथले अधिकारी जहाजाबरोबर आलेल्या यादीवरून नावं तपासत आणि ती यादी निघण्याच्या बंदरात झालेली असे. शिवाय एलिस आयलंड सुरू झालं 1892 मध्ये. बहुसंख्य जर्मन त्याआधीच पोचले होते. नाव बहुधा नंतर, कामाच्या ठिकाणी, शाळेत किंवा पहिल्या महायुद्धात जर्मन नाव नकोसं झाल्यावर बदललं. हाम्बुर्ग बंदराच्या 1850 ते 1934 च्या प्रवासी याद्या उपलब्ध आहेत. ब्रेमेनच्या जुन्या याद्या जवळपास सगळ्या नष्ट झाल्या, तिथे वेळ घालवू नका.

गाव माहीत नसताना शोध सुरू करणं

नुसत्या ‘म्युलर, जर्मनी’वर काही मिळत नाही. आधी स्थलांतर केलेल्या देशातली कागदपत्रं संपवा: लग्नाची नोंद, नागरिकत्वाचा अर्ज, चर्चची वही, थडग्यावरचा मजकूर. गावाचं नाव मिळालं की ते 1912 च्या मायर्स भौगोलिक कोशात पाहा, कारण नॉयश्टाटसारखी एकाच नावाची गावं पुष्कळ आहेत. त्यातून नोंदणी कार्यालय आणि परगणा कळतो. सरकारी नोंदणी प्रशियात 1 ऑक्टोबर 1874 पासून आणि सबंध जर्मन साम्राज्यात 1 जानेवारी 1876 पासून; त्याआधी मुख्यतः चर्चच्या वह्या. जन्मनोंद 110, लग्नाची 80 आणि मृत्यूची 30 वर्षांनंतरच सर्वांना खुली होते. त्याआधीची हवी असेल तर थेट नातं दाखवणारे कागद अर्जासोबत जोडा.

क्रमवारीचे आकडे जसेच्या तसे घेणं

म्युलर पहिला, श्मिट (म्हणजे लोहार) दुसरा, हे एकेक स्पेलिंग वेगळं मोजलं तर. श्मिटची सगळी रूपं एकत्र केली तर लोहार चक्कीवाल्याच्या पुढे जातो. आडनावांचे बरेच नकाशे 2005 च्या घरगुती टेलिफोन जोडण्यांवरून केलेले आहेत, म्हणजे त्यात माणसं नाहीत, जोडण्या मोजल्या आहेत. स्वित्झर्लंडमध्येही म्युलरच पहिला, पण ऑस्ट्रियात तो मान ग्रुबरचा.

मॅक्स म्युलर हे सबंध आडनाव समजणं

1823 मध्ये डेसाउला जन्मलेल्या या संस्कृत पंडिताचे वडील कवी विल्हेल्म म्युलर. मॅक्स हे मुलाच्या नावांपैकी एक. म्युलर फार सर्रास वाटल्याने पुढे त्याने ‘मॅक्स’ आडनावालाच जोडून घेतलं. त्यामुळे जर्मन दप्तरात त्याच्या पूर्वजांना म्युलरखाली शोधायचं, आणि इंग्लंडमधल्या सूचीत मॅक्सखालीही एकदा पाहायचं.