बारीक नक्षीच्या डायमध्ये कागद अडकतो? मेणकागद घाला

दिवाळीत सांगलीबाहेरच्या पाहुण्यांना बेदाणे आणि हळद पाठवायची, तर पाकिटाला हाताने केलेला टॅग हवाच. पण डाय (कागदातून नक्षी कापणारा धारदार धातूचा साचा) जाळीदार असला की कापलेला कागद त्यातच रुतून बसतो. टाचणीने उकरत बसलं की नेमकी वेलीची नाजूक फांदी तुटते.

उपाय स्वस्त आहे. डाय आणि कार्ड यांच्यामध्ये मेणकागदाचा तुकडा घालायचा.

१. आधी शिक्का मारून शाई पूर्ण वाळू द्या. हा क्रम बदलू नका, कारण मेण लागलेल्या बाजूवर शाई नीट धरत नाही.
२. डाय-कटिंग मशीनच्या (दोन प्लेटमध्ये डाय आणि कागद दाबून कापणारं यंत्र) खालच्या प्लेटवर डाय ठेवा, धार वर.
३. त्यावर मेणकागद, मग कार्ड, छापील बाजू खाली. वर दुसरी प्लेट.
४. मशीनमधून फिरवा. नक्षी फार बारीक असेल तर डाय न हलवता प्लेट आडव्या करून पुन्हा एकदा.

नक्षी अलगद सुटून येते. आतले चिटुकले तुकडे राहिलेच, तर डायच्या पाठीमागच्या भोकांतून टाचणीने ढकला, समोरून उकरू नका.

टॅगसाठी नवं कार्ड आणायचीही गरज नाही. घरात साठलेल्या लग्नपत्रिकांची कोरी बाजू झकास चालते (गणपतीचं चित्र असलेला भाग मी बाजूला ठेवते, त्यावर कात्री चालवायला हात धजत नाही). फक्त मखमली किंवा चकचकीत लॅमिनेशनच्या पत्रिका घेऊ नका. त्यावर साधी शाई फिसकटते. पावसाळ्यात तर जाड शाई रात्रभर वाळू द्या, मगच कापा.