ट्यूब ॲम्प किती कामाचा, किती टिकाऊ? तुलना करताना या चुका टाळा

गिटारचे दोन ट्यूब ॲम्प, म्हणजे काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबांनी आवाज वाढवणारे ॲम्प्लिफायर, समोर ठेवले की तुलना सहसा दोन आकड्यांपाशी येऊन थांबते: चॅनेल (स्वतंत्र नॉब असलेले आवाजाचे मार्ग) किती आणि वॉट किती. ॲम्प किती प्रकारच्या वादनाला पुरेल आणि किती वर्षं चालेल, याची उत्तरं त्या आकड्यांत क्वचितच सापडतात. पहिलं उत्तर बरंचसं स्पीकरमध्ये आणि आपण किती मोठ्याने वाजवतो यात असतं. दुसरं असतं ट्रान्सफॉर्मर, सॉकेट आणि वापरणाऱ्याच्या सवयींत.

चॅनेल मोजून ॲम्प निवडणं

फेंडर डिलक्स रिव्हर्ब घ्या. २२ वॉट, दोन ६व्ही६ पॉवर ट्यूबा (शेवटी स्पीकरला ताकद देणाऱ्या), एक बारा इंची स्पीकर. मूळ रचनेत मास्टर व्हॉल्यूम (एकूण आवाजाचा नॉब) नाही, पायाने बदलायचं गेन (आवाज फाडणारं) चॅनेल नाही, इफेक्ट्स लूप (इफेक्ट्सची यंत्रं ॲम्पच्या मधल्या टप्प्यात जोडायची सोय) नाही. कागदावर अगदीच मर्यादित ॲम्प. तरी त्यावर जॅझ, ब्लूज, कंट्री आणि पेडल जोडून रॉकसुद्धा वर्षानुवर्षं वाजतंय, कारण त्याचा क्लीन, म्हणजे न फाटलेला, आवाज पेडलशी भांडत नाही. उलट तीन चॅनेलच्या बऱ्याच ॲम्पमध्ये तिन्ही चॅनेल शेवटी एकाच पॉवर विभागातून आणि एकाच स्पीकरमधून बाहेर पडतात. गेन बदलतो, मूळ स्वभाव तोच राहतो. शिवाय प्रत्येक चॅनेलमागे रिले, स्विच आणि जोडण्या वाढतात, म्हणजे बिघाडाच्या जागाही वाढतात.

एकाच गाण्यात क्लीन, क्रंच (किंचित फाटलेला आवाज) आणि सोलो पायाने बदलायचे असतील, तर मात्र बहुचॅनेल ॲम्पच घ्यावा, उगाच जुन्या रचनेचा सोस करू नये. फक्त ऐकताना प्रत्येक चॅनेल आपल्या रोजच्या आवाजावर ऐका आणि गिटारचा व्हॉल्यूम निम्म्यावर आणून पाहा. १९८१ साली आलेला मार्शल जेसीएम८०० मुळात एकाच चॅनेलचा होता, पण गिटारचा नॉब खाली केला की त्याचा तापटपणा बराच उतरतो. हाताने असा उतरणारा एक चॅनेल दोन चॅनेलांचं काम करतो. माझ्या मते ॲम्पचं बहुगुणीपण तपासायची याहून चांगली कसोटी नाही, आणि ती सर्वांत कमी वापरली जाते.

वॉट म्हणजे आवाज असं समजणं

१०० वॉटचा ॲम्प ५० वॉटच्या दुप्पट मोठा वाजत नाही. वॉट दुप्पट केले की फक्त ३ डेसिबल वाढतात. कानाला आवाज साधारण दुप्पट वाटायला दहापट वॉट लागतात. म्हणून ‘पुढे लागेल’ म्हणून १०० वॉटचा ॲम्प घेतलेला वादक छोट्या खोलीत तो कायम एकवर ठेवतो. पॉवर ट्यूबांना घाम फुटतच नाही, आणि ज्या आवाजासाठी ट्यूब ॲम्प घेतला तो कधी ऐकूच येत नाही. उलट बाजूही खरी आहे: ५ वॉटच्या ॲम्पकडून ड्रमच्या शेजारी स्वच्छ क्लीन आवाजाची अपेक्षा ठेवणं व्यर्थ. घरही सांभाळायचं आणि छोटा मंचही, तर १५ ते २२ वॉटचा टप्पा बहुतेकांना पुरतो.

अटेन्युएटर (ॲम्प आणि स्पीकरच्या मध्ये बसून आवाज कमी करणारं यंत्र) लावून मोठा ॲम्प घरात दामटण्याचा मार्ग चांगला आहे, पण खोलीत आवाज कमी असला तरी ॲम्प आत पूर्ण जोरानेच राबत असतो. ट्यूबा त्याच हिशेबाने झिजतात. अटेन्युएटरचे ओहमही (विद्युतरोधाचं माप) ॲम्पशी जुळायला हवेत.

दुसरा मार्ग म्हणजे चार पॉवर ट्यूबांच्या ॲम्पमधून दोन काढणं. इथे कुठल्याही दोन काढून चालत नाही. पुश-पुलच्या, म्हणजे सिग्नल आळीपाळीने ढकलणाऱ्या दोन बाजूंच्या रचनेत, प्रत्येक बाजूची एकेक निघायला हवी. बऱ्याच ॲम्पमध्ये ती जोडी म्हणजे बाहेरच्या दोन किंवा आतल्या दोन. स्पीकरची पेटी १६ ओहमची असेल तर ॲम्पचा ओहम निवडायचा स्विच ८ वर न्यावा लागतो. बायसही (पॉवर ट्यूबांमधून सतत वाहणारा प्रवाह ठरवणारी जुळणी) पुन्हा तपासावा. कॅथोड बायसच्या (बायस आपोआप ठरणाऱ्या) ॲम्पमध्ये हा प्रयोग सर्किट माहीत असल्याशिवाय करू नये.

आवाज आवडला नाही की आधी ट्यूबा बदलणं

ही सर्वांत महागडी आणि सर्वांत लोकप्रिय चूक. एका कंपनीची १२एएक्स७ (गिटारचा क्षीण सिग्नल आधी वाढवणारी प्रीॲम्प ट्यूब) काढून दुसऱ्या कंपनीची लावली तर फरक पडतो, पण तो बारीक असतो. स्पीकर बदलला तर ॲम्पच बदलल्यासारखा वाटू शकतो. याचा उत्तम दाखला इतिहासातच आहे. मार्शलचा पहिला ॲम्प, १९६२चा जेटीएम४५, फेंडर बासमनच्या सर्किटवरूनच उतरवलेला होता. सर्किट जवळजवळ तेच, काही सुटे भाग वेगळे. पण चार दहा इंची स्पीकरांच्या मागून उघड्या पेटीच्या जागी चार बारा इंची स्पीकरांची बंद पेटी आली आणि आवाजाची जातच बदलली.

स्पीकरची संवेदनशीलताही पाहा. ९७ डेसिबलच्या जागी १०० डेसिबलचा स्पीकर बसवला तर ॲम्पचे वॉट दुप्पट केल्याइतका फरक पडतो. त्याची वॉट-क्षमता मात्र ॲम्पपेक्षा चांगलीच जास्त असू द्या: सेलेशनचा ग्रीनबॅक २५ वॉटचा, व्हिंटेज ३० नावात ३० असूनही ६० वॉटचा. ३० वॉटच्या ॲम्पवर एकच ग्रीनबॅक लावून जोरात वाजवलं तर कॉइल जळायला वेळ लागत नाही.

ट्यूबेचं आयुष्य म्हणजे ॲम्पचं आयुष्य नव्हे

ट्यूब ही टायरसारखी आहे, झिजायलाच बसवलेली. पॉवर ट्यूबा साधारण एक-दोन हजार तास चांगल्या चालतात, प्रीॲम्पच्या त्याच्या कितीतरी पट. व्हॉक्स एसी३० मधल्या चार ईएल८४ त्यांच्या मर्यादेच्या अगदी काठावर चालतात, म्हणून त्या लवकर बदलाव्या लागतात. तेवढ्यावरून तो ॲम्प कमी टिकाऊ ठरत नाही, फक्त चालवायला खर्चिक ठरतो.

टिकाऊपणा पाहायचा तर मागचं झाकण काढलेल्या ॲम्पकडे पाहा. ट्रान्सफॉर्मर ऐपतीचे आहेत का? ट्यूबांचे सॉकेट चॅसीवर (धातूच्या सांगाड्यावर) बसवलेत की थेट छापील सर्किट बोर्डावर? छापील बोर्ड म्हणजे वाईट हा समज चुकीचा आहे. चांगले बोर्ड दशकानुदशकं चालतात. प्रश्न उष्णतेचा आणि ओढाताणीचा आहे. ईएल८४सारख्या तापणाऱ्या ट्यूबा बोर्डालाच डाखल्या (सोल्डर केल्या) असतील, तर तापून-थंडावून डाखजोड तडकतात. जॅक आणि नॉब नटाने पॅनेलला पक्के नसतील, तर प्रत्येक वेळी केबल लावताना धक्का बोर्डाला बसतो. साठच्या दशकातले हाताने जोडलेले ॲम्प आजही वाजतात, ते त्यांतला प्रत्येक भाग साध्या सोल्डरिंग आयर्नने बदलता येतो म्हणून.

जुना ॲम्प घेताना ‘आतलं सगळं मूळ आहे’ हे कौतुक ऐकून भुलू नका. ट्रान्सफॉर्मर मूळ असणं चांगलं. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर मूळ असणं ही काळजीची गोष्ट, कारण ते पंधरा-वीस वर्षांत वाळतात आणि खराब झाले की महागडा पॉवर ट्रान्सफॉर्मरही सोबत नेऊ शकतात. दोन पिनांची जुनी वायर असेल तर अर्थिंगसह तीन पिनांची बसवून घेतल्याशिवाय गिटार जोडूच नका. ॲम्प १२० व्होल्टचा आहे की २३० चा, हेही मागच्या पट्टीवर वाचल्याशिवाय प्लग लावू नये.

ज्या सवयींनी ॲम्प मरतो

स्पीकर न जोडता ॲम्प वाजवणं ही पहिली. आउटपुट ट्रान्सफॉर्मरवर भार नसला की त्यात उसळणारा व्होल्टेज आतलं इन्सुलेशन फोडू शकतो. ओहममध्ये एक पायरी इकडेतिकडे झाली तर बरेच ॲम्प सोसतात, मोकळं आउटपुट सोसत नाहीत. याच कारणाने स्पीकरला गिटारची केबल लावू नये. दिसायला जॅक सारखाच, पण आतली तार बारीक असते. ती तापून तुटली की ॲम्प वाजता वाजता भाराविना उरतो.

स्टँडबायबद्दल (ट्यूबा तापत्या ठेवून आवाज बंद करणाऱ्या स्विचबद्दल) बराच गैरसमज आहे. मध्यंतरात ॲम्प तास-दोन तास स्टँडबायवर ठेवल्याने ट्यूबा वाचत नाहीत. तापलेल्या कॅथोडमधून प्रवाह न जाता तो दीर्घकाळ राहिला, तर त्यावर रोध करणारा थर धरतो. थोडा वेळ असेल तर चालूच ठेवा, जास्त असेल तर बंद करा.

उडालेल्या फ्यूजच्या जागी मोठा फ्यूज घालणाऱ्याला मात्र काही सांगण्यात अर्थ नाही, ट्रान्सफॉर्मर जळाला की तो आपोआप शिकतो.

बिघाड झालाच तर

आवाज अचानक क्षीण झाला किंवा येतो-जातो असं झालं, तर ट्यूबांना हात लावण्याआधी इफेक्ट्स लूपच्या सेंड आणि रिटर्नमध्ये एक छोटी केबल जोडा. आवाज परत आला तर दोष रिटर्न जॅकच्या गंजलेल्या संपर्कात आहे. कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारून प्लग काही वेळा आतबाहेर केला की काम होतं. कित्येक ॲम्प एवढ्याच कारणासाठी दुरुस्तीला जातात.

खरखर होत असेल तर गिटार काढा. खरखर थांबली तर दोष ॲम्पबाहेर आहे. राहिली तर व्हॉल्यूम शून्यावर आणा. आता गेली तर दोष व्हॉल्यूमच्या आधीच्या टप्प्यात, म्हणजे बहुधा पहिल्या प्रीॲम्प ट्यूबेत. तरीही राहिली तर व्हॉल्यूमनंतरच्या टप्प्यात, बहुधा फेज इन्व्हर्टर (पॉवर ट्यूबांच्या दोन बाजूंना सिग्नल वाटून देणारा टप्पा) किंवा पॉवर विभागात. प्रीॲम्पच्या ट्यूबा एकदम सगळ्या बदलू नका. चांगली असल्याची खात्री असलेली एकच १२एएक्स७ घ्या आणि ॲम्प बंद करून ती एकेका जागी घालून पाहा. चालू ॲम्पमध्ये पेन्सिलीच्या टोकाने ट्यूबेवर हलकं टिचकावल्यावर स्पीकरमधून घंटेसारखा नाद आला, तर ती मायक्रोफोनिक झाली आहे, म्हणजे धक्क्याचाही आवाज उचलते.

गुणगुणण्याचेही दोन प्रकार. वीज ५० हर्ट्झची असेल तर ५० चा खोल सूर अर्थिंग, केबल किंवा फिलॅमेंटकडे (ट्यूब तापवणाऱ्या तारेकडे) बोट दाखवतो. १०० हर्ट्झचा, त्याच्या एक सप्तक वरचा सूर फिल्टर कपॅसिटर थकल्याची किंवा पॉवर ट्यूबांची जोडी जुळत नसल्याची खूण. वादकाला सप्तक ओळखता येतंच, त्यामुळे ही तपासणी मीटरशिवाय होते.

काचेवर निळसर झाक दिसली तर घाबरू नका, ती चांगल्या ट्यूबेतही असते. आतली करड्या रंगाची मोठी प्लेट लाल झाली तर मात्र लगेच ॲम्प बंद करा: बायस गेला आहे किंवा ट्यूब. माथ्यावरचा चांदीसारखा डाग पांढरा पडला असेल तर हवा शिरली, ती ट्यूब संपली.

फ्यूज उडत असेल तर पॉवर ट्यूबा काढून योग्य मापाचा नवा फ्यूज घालून पाहा. टिकला तर दोषी बहुधा ट्यूब. पुन्हा उडाला तर रेक्टिफायर (एसी विजेचं डीसी करणारा भाग), कपॅसिटर किंवा ट्रान्सफॉर्मर, आणि तिथे आपलं काम संपतं. आत ३०० ते ५०० व्होल्ट असतात, आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटर ते धरून ठेवतात. ते सुरक्षितपणे रिकामे करता येत नसतील तर चॅसी उघडू नका.

पिशवीत दोन योग्य फ्यूज, एक १२एएक्स७, एक छोटी पॅच केबल आणि पॉवर ट्यूबांची जुळलेली सुटी जोडी असू द्या. ॲम्प फिक्स्ड बायसचा (बायस बाहेरून ठरवून द्यावा लागणारा) असेल तर टेक्निशियनकडून बायस करून घेताना ही सुटी जोडीही त्याच ॲम्पमध्ये घालून तिचा प्रवाह मोजून घ्या. तो चालू जोडीच्या जवळपास निघाला, तर कार्यक्रमाच्या रात्री नुसती अदलाबदल पुरते.