आगोटीची फाटी: पावसाआधी लाकडं कशी लावून ठेवायची

आमच्या घणसोली गावातल्या घरी गॅस आहे, इंडक्शन पण आहे, तरी मागच्या पडवीतली चूल काही विझत नाही. आईला तांदळाची भाकरी चुलीवरचीच पाहिजे आणि पावसाळ्यात सगळ्यांच्या आंघोळीचं पाणी पण तिथंच तापतं. त्यामुळे आगोटीला, म्हणजे पावसाआधीच्या साठवणीला, सोडे, जवळा, बोंबील डब्यात भरताना फाटी, म्हणजे जळणाची लाकडं, पण भरावी लागतात. थंड देशात लोकं हिवाळ्याच्या आधी लाकडं रचतात, आपल्याला ते सगळं मृगाच्या आत उरकायचं असतं, एवढाच काय तो फरक.

पहिलं म्हणजे लाकूड आणायचं ते होळीच्या आसपास, मे महिन्यात नाही. वखारीत लाकूड किलोवर मिळतं, ओलं घेतलं तर आपण पाण्याचे पैसे देतो, आणि नंतर तेच पाणी चुलीत जाळावं लागतं ते वेगळंच. लाकडातलं एक लिटर पाणी वाफ करून उडवायला जेवढी उष्णता जाते ना तेवढ्यात आंघोळीच्या दोन बादल्या गरम होतात, मी एकदा बसून हिशोब केला होता. बाभूळ, सुबाभूळ मिळाली तर बेस्ट, आंबा पण चालतो पण लवकर जळून जातो. खाडीवरून तिवर तोडून आणायचे दिवस गेले, 2005 मध्येच हायकोर्टाने कांदळवन तोडायला बंदी घातली, आणि खाडीत वाहून आलेलं लाकूड फुकट दिसलं तरी चुलीत घालू नका, त्यात मीठ मुरलेलं असतं, धूर विषारी होतो आणि तवे-भांडी पण खातं. दारातलं झाड पण पालिकेची परवानगी काढल्याशिवाय तोडायचं नाही.

महापे एमआयडीसीकडून पॅलेट, म्हणजे माल ठेवायच्या लाकडी चौकटी, मिळतात, ते घेताना त्यावरचा शिक्का बघा. एचटी असेल तर ते लाकूड नुसतं तापवलेलं असतं, एमबी असेल तर त्याला मिथाइल ब्रोमाइड या कीड मारायच्या विषारी वायूचा धूर दिलेला असतो, तो पॅलेट अजिबात जाळायचा नाही. प्लायवूड, रंगवलेल्या फळ्या, जुन्या फर्निचरचे तुकडे हे पण नाही, कोणी कितीही आग्रहाने दिलं तरी.

मग फोडायचं. अख्खा ओंडका वर्षभर उन्हात ठेवला तरी आतून ओलाच राहतो, कारण साल पाणी बाहेर सोडत नाही, पाणी जातं ते कापलेल्या टोकातून आणि फोडलेल्या बाजूने. म्हणून दीड फुटाचे तुकडे करायचे आणि मनगटाएवढ्या जाडीचे फोडून घ्यायचे. एप्रिल-मेचं ऊन हेच आपलं खरं भांडवल, ते वाया घालवू नका, गच्चीवर पसरा, अंगणात पसरा, दोनचार दिवसांनी उलटे करा. सुकलं का ते बघायला ओलावा मोजायचा मीटर मिळतो, ओलावा 20 टक्क्यांच्या खाली आला की झालं. मीटर नसेल तर चारपाच तुकड्यांवर खडूने खूण करून दर आठवड्याला वजन करा, वजन उतरायचं थांबलं की लाकूड तयार. आई हे काही करत नाही, दोन फाटी एकमेकांवर आपटते, टणटण वाजलं तर सुकं, थप्प वाजलं तर परत उन्हात.

आता रचायचं, आणि इथेच मी दोन वर्षांपूर्वी शहाणपणा केला होता. अख्खी रास निळ्या ताडपत्रीत वरपासून खालपर्यंत पार्सलसारखी गुंडाळली, दोऱ्या पण मस्त आवळल्या, आणि जुलैत उघडली तर आत घाम सुटलेला आणि पांढरी बुरशी. आई काही बोलली नाही, फुंकणी माझ्या हातात दिली. तर ताडपत्री फक्त वरून, बाजूंना वीतभर खाली आली की बास, बाकी चारी बाजू उघड्या पाहिजेत, वारा फिरला पाहिजे. फक्त आपल्याकडे पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपतो, म्हणून त्या बाजूला भिंत किंवा पत्रा असेल अशी जागा धरा. खाली विटा किंवा एक पॅलेट, जमिनीपासून अर्धा फूट तरी वर, आणि घराच्या भिंतीला चिकटवू नका, मधे हातभर जागा सोडा नाहीतर वाळवी थेट चौकटीत. वाळवीचं औषध लाकडावर मारू नका, तेच नंतर भाकरीखाली जळणार आहे. सगळ्यात वरच्या थराची साल वरच्या बाजूला ठेवायची. ताडपत्रीला उतार द्या, खळग्यात पाणी साचलं की आठवड्याभरात डासांच्या अळ्या. आणि रास मुलं खेळतात तिथे नको, पावसात घोणस, विंचू कोरडी जागा शोधत येतात, हात घालायच्या आधी काठीने वाजवायचं, टॉर्च मारायचा.

एवढं करून पण जुलै-ऑगस्टमध्ये हवाच इतकी दमट असते की झाकलेलं सुकं लाकूड सुद्धा ओल ओढून 18-20 टक्क्यांवर जातं, त्याला इलाज नाही. म्हणून आठवड्याची फाटी आत आणून चुलीच्या बाजूला उभी करायची, ठिणगी पोचणार नाही इतकी लांब पण ऊब लागेल इतकी जवळ. पेटवायला नारळाची सोडणं आणि करवंट्या गोणीत भरून माळ्यावर टाका, आणि मे संपताना वाशीच्या मार्केटमधून हापूसच्या रिकाम्या पेट्या आणा, त्या पातळ फळ्या कागदासारख्या पेट घेतात. फक्त खिळे आधी काढा, आमची राख भांड्यांना आणि कुंड्यांना जाते.

पहिली मोठी सर येऊन गेली की ताडपत्रीखाली मधल्या थरात हात घालून बघायचं, कुठे गळतंय का, तेव्हाच सापडलं तर दुरुस्त होतं. यंदा माझं रचून झालंय, बारा पेट्यांचे खिळे तेवढे राहिलेत, आणि पक्कड कोणीतरी नेलीये.