नकलांवर सही करण्याआधी: फौजदारी खटल्यात उशिरा येणारा पुरावा

दोषारोपपत्राच्या नकला हातात पडल्या की 'नकला मिळाल्या' अशी सही मागितली जाते. ती घाईत करू नका. वॉरंट केसमध्ये (दोन वर्षांहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात) दोषमुक्तीच्या, म्हणजे खटला चालण्याआधीच सुटका मागण्याच्या, अर्जाची ६० दिवसांची मुदत (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, बीएनएसएस, कलम २६२) आणि कागद कबूल-नाकबूल करण्याची ३० दिवसांची मुदत (कलम ३३०) नकला मिळाल्यापासून मोजतात. सेशन्स केसमध्ये दोषमुक्तीचे ६० दिवस मात्र केस सत्र न्यायालयाकडे वर्ग झाल्यापासून. नकला द्यायला मॅजिस्ट्रेटला आरोपी हजर झाल्यापासून १४ दिवस असतात (कलम २३०), आणि त्या मोफत असतात.

दोषारोपपत्रातली कागदांची आणि साक्षीदारांची यादी शेजारी ठेवून पानन् पान लावा. हमखास गळतात ते सीए रिपोर्ट (रासायनिक विश्लेषकाचा अहवाल), पुरवणी जबाब, पंचनाम्याची पाठची बाजू. झेरॉक्स वाचता येत नसेल तर तीही न मिळाल्यातच धरा. काही कमी असेल तर पुरशिस (कोर्टाला लेखी निवेदन) द्या: 'पान अमुक ते अमुक मिळाले नाही, सही मिळालेल्या नकलांपुरती.' तोंडी सांगितलेले रोजनाम्यात (कोर्टाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीत) येत नाही.

पेनड्राइव्ह किंवा मेमरी कार्ड असेल तर क्लोन कॉपी (हुबेहूब डिजिटल प्रत) मागा. गोपालकृष्णन खटल्यात (२०१९) सर्वोच्च न्यायालयाने मेमरी कार्डातला मजकूर 'दस्तऐवज'च मानला आहे. मात्र पीडितेच्या खासगीपणाचा प्रश्न असेल तिथे वकील आणि तज्ज्ञासह फक्त पाहायला मिळते. साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्रातली हॅश व्हॅल्यू (फाइलची ओळख पटवणारा, फाइल बदलली की बदलणारा सांकेतिक आकडा) कॉपीशी जुळते का, हे पहिल्याच दिवशी तपासा.

सरकार पक्ष ज्यावर विसंबून नाही अशा जबाबांची, कागदांची आणि मुद्देमालाची यादीही मागा. मनोज विरुद्ध मध्य प्रदेश (२०२२) या निकालाचा त्याला आधार आहे. आरोप निश्चितीआधी 'सगळी कागदपत्रे द्या' असा सरसकट अर्ज सहसा टिकत नाही. आधी यादी, मग त्यातला नेमका कागद.

खटला सुरू असताना पुरवणी दोषारोपपत्र आले तर आधी रोजनामा बघा. पुढील तपासाला कोर्टाची परवानगी लागते आणि तो ९० दिवसांत संपवावा लागतो. मुदतवाढही कोर्टच देते (कलम १९३(९)). 'उशीर झाला' एवढ्यावर पुरावा बाहेर जात नाही. आर. एस. पै निकालापासून (२००२) हे स्पष्ट आहे, तरी निम्मे अर्ज तेवढ्याच वाक्यावर उभे असतात. अर्जात नुकसान दाखवा: 'साक्षीदार क्र. ३ ची उलटतपासणी संपल्यावर सीडीआर (मोबाइल कॉलचा तपशील) दाखल झाला, त्यातल्या लोकेशनवर त्याला विचारता आले नाही.' मागणी तीनच गोष्टींची: नक्कल, वाचायला वेळ, आणि त्या साक्षीदाराला कलम ३४८ खाली परत बोलावणे. मुदत मागण्याचे कारण सरकार पक्षाचा उशीर आहे, हे लिहून घ्या. कलम ३४६ मुळे तारखा मोजक्याच मिळतात.

१ जुलै २०२४ आधीपासून चालू असलेल्या खटल्याला जुनी फौजदारी प्रक्रिया संहिता लागते: कलमे २०७, १७३(८), ३११. तिथे १४, ३० आणि ६० दिवसांच्या या मुदती नाहीत.