हाताने रंगवलेली जुनी डच एम्ब्लेम पुस्तकं जमवायचीत? आधी पान उलटं करून बघायला शिका

आमच्या घरात आजोबांपर्यंत हातमाग होता, सोलापूरच्या पूर्व भागात, त्यामुळं असेल, पण यान लॉयकन या डच चित्रकार-कवीच्या १६९४ च्या पुस्तकातलं विणकराचं चित्र स्क्रीनवर पहिल्यांदा बघितलं आणि मी तिथंच अडकलो. ॲमस्टरडॅमला छापलेलं पुस्तक, शंभर धंद्यांची शंभर चित्रं, प्रत्येकाला पद्य. एम्ब्लेम बुक म्हणजे साधारण हेच, वर म्हणीसारखी एक ओळ, मधे चित्र, खाली ओवीसारखं पद्य, आणि तिन्ही मिळून एक अर्थ. १५३१ ला आल्चातो या इटालियन लेखकाचं पुस्तक आलं तिथनं ही पद्धत सुरू झाली, डच लोकांनी ती उचलून धरली, रूमर फिस्सरचं १६१४ चं, याकोब काट्सचं १६१८ चं ही तर बघायलाच पाहिजेत अशी.

पहिले दोन-तीन महिने एक रुपया पण खर्च करू नका. नेदरलँड्सच्या उत्रेख्त युनिव्हर्सिटीनं प्रेमावरची २७ डच एम्ब्लेम पुस्तकं ऑनलाइन ठेवलीत, फुकट आहेत, ती रोज थोडी चाळा म्हणजे डोळा तयार होतो. मग एखादं सुटं पान घ्या, पूर्ण पुस्तक नंतर. फक्त विकायला म्हणून चांगलं पुस्तक फाडलेलं असेल तर ते पान घेऊ नका, माझं हे ठाम मत आहे.

आता रंगाचं. ही पुस्तकं बहुतेक काळ्या शाईतच विकली जायची, रंग हवा असेल तर गिऱ्हाईक वेगळे पैसे देऊन रंगाऱ्याकडनं करून घ्यायचं, त्याला तिकडं आफसेटर म्हणायचे. म्हणून त्या काळातला रंग दुर्मिळ, आणि म्हणूनच नंतर कुणीतरी रंगवून जास्त भावानं विकलेली पानंच बाजारात जास्त. मी पण फसलोय. एका विक्रेत्याकडनं जुना रंग म्हणून पान घेतलं, घरी आल्यावर दुपारी खिडकीच्या उजेडात भिंग लावून बघितलं तर कसरीनं पाडलेल्या भोकाच्या आतल्या कडेला हिरवा रंग उतरलेला, म्हणजे आधी कसर लागली आणि मग रंग लागला! तेव्हापासून भोकं, घड्या, डाग आधी बघतो, रंग त्यांच्यात शिरलाय किंवा वर बसलाय तर तो नंतरचा.

दुसरी खूण पानाच्या पाठीला. जुना हिरवा बऱ्याचदा तांब्याच्या गंजाचा, म्हणजे जंगालाचा असायचा, तो कागद हळूहळू खातो आणि मागच्या बाजूला झाडाच्या, गवताच्या आकाराचा तपकिरी डाग उमटतो. डाग नाही म्हणजे खोटंच असं नाही, पण विक्रेत्याकडनं पाठीचा फोटो मागायचाच, देत नसेल तर सोडून द्या. कागद उजेडासमोर धरला की तो ज्या साच्यावर बनवला त्या साच्याच्या जाळीच्या रेघा दिसाव्यात, आणि तांब्याच्या पत्र्यावरनं छापलेलं असेल तर चित्राभोवती पत्र्याचा दाब बोटाला लागतो.

बिल आणि कस्टमचे कागद जपा, १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानं शंभर वर्षांवरची कलावस्तू सरकार किंवा सरकारनं नेमलेल्या संस्थेशिवाय कुणाला भारताबाहेर नेता येत नाही, उद्या बाहेर विकायची म्हणाल तर अडकाल.

ठेवायचं कसं, तर आपल्या सोलापूरच्या उन्हाळ्याला धरून. चाळीसच्या वर पारा जातो, कागद वाळून ठिसूळ होतो, मग पावसाळ्यात हवा दमट. पश्चिमेच्या भिंतीला टेकलेलं लोखंडी कपाट नको, आतली भिंत बघा, पान आम्लमुक्त कागदात आडवं ठेवा, आणि दर महिन्याला उघडून कसर बघा. लॅमिनेशन अजिबात नको, आणि फ्रेमवाल्याला पान डिंकानं चिकटवू देऊ नका, पाण्याचा थेंब लागला तरी जुना रंग पसरतो.

विणकराचं पान मला अजून मिळालेलं नाही. शोधतोय, बिनरंगाचं मिळालं तरी घेणार.