छतावर सायकल चढवायची असेल तर आधी सेक्शन काढा

थिसिसचे विषय ठरायची वेळ आली की ज्युनिअर्सचे फोन सुरू होतात, आणि अलीकडे त्यात एक विषय हमखास असतो: बंदिस्त सायकलिंग अरेना, वर हिरवं छत, आणि त्या छतावरून सायकल चालवणारे लोक. माझा बी.आर्क.चा, म्हणजे आर्किटेक्चरच्या पदवीचा थिसिस याच विषयावर होता, साइट पुण्यात धरली होती, आणि आता अधूनमधून जुरीला, म्हणजे परीक्षक म्हणून बसतो म्हणून हे एकदाच लिहून ठेवतोय. विषय छान आहे. पण बहुतेक जण सेक्शन, म्हणजे इमारतीचा उभा छेद, न काढता छताच्या रेंडरपासून (संगणकावरच्या चित्रापासून) सुरुवात करतात आणि स्ट्रक्चरच्या सरांसमोर गार पडतात.

सुरुवात आतल्या ट्रॅकपासून करा, कारण तिथे आपलं काही चालत नाही. जागतिक अजिंक्यपद आणि ऑलिंपिकसाठी ट्रॅक २५० मीटरचाच लागतो, आणि ही लांबी आतल्या कडेपासून २० सेंटिमीटरवरच्या काळ्या रेषेवर मोजतात. रुंदी किमान ७ मीटर, वळणाची त्रिज्या १९ ते २५ मीटर, आत निळा पट्टा आणि सुरक्षित पट्टा मिळून ४ मीटर. लंडनच्या ऑलिंपिक व्हेलोड्रोममध्ये (सायकल शर्यतींच्या ट्रॅकच्या इमारतीत) वळणावरचा उतार ४२ अंशांचा आहे. ७ मीटर रुंदीचा ट्रॅक ४२ अंशांत कलला की बाहेरची कड ४.७ मीटर वर जाते. म्हणजे वळणाच्या पोटात अख्खा मजला मिळतो. तिथे सायकलींचं स्टोअर टाका, चेंजिंग रूम टाका, दुरुस्तीची जागा टाका. प्लॅनवर हा नुसता एक पट्टा दिसतो, म्हणून अर्ध्या शीट्सवर ही जागा वाया गेलेली असते.

आता छत. गंमत अशी की हा ट्रॅकच छताचा प्रश्न निम्मा सोडवतो. ट्रॅकभोवती प्रेक्षकांची एक फेरी बसवली की इमारतीचा बाहेरचा घेर साधारण साडेतीनशे मीटरचा होतो. छताची कड जमिनीपासून १५ मीटरवर धरा. शाळेतली मुलगी किंवा साठीतले काका न उतरता चढवू शकतील असा चढ म्हणजे ५ टक्के. १५ मीटर चढायला ३०० मीटर लांबी लागते. म्हणजे रॅम्पने इमारतीला एक प्रदक्षिणा घातली की माणूस छतावर, आणि वर उरलेल्या ५० मीटरमध्ये दम खायला दोन-तीन सपाट टप्पे. हे गणित जुळलं तेव्हा मला डिझाइन सापडलं. तोपर्यंत मी नुसता सुंदर टेकड्या काढत होतो.

मग वजनाकडे या. लंडनचं छत केबलच्या जाळ्यावर तोललेलं आहे, आणि त्याचं पोलाद दर चौरस मीटरला ३० किलोच्या आसपास बसतं. तुम्हाला तसल्याच मोठ्या स्पॅनवर, म्हणजे खांबांशिवायच्या अंतरावर, काय ठेवायचंय ते बघा. १० सेंटिमीटर भिजलेली माती आणि खालचे थर मिळून दीडशे किलो. गर्दी जमेल अशा जागेला आपल्या आयएस ८७५ (इमारतीवरच्या भारांचं भारतीय मानक) प्रमाणे ५ किलोन्यूटन, म्हणजे जवळपास ५०० किलो. ऐंशी-नव्वद मीटरच्या कॉलमविरहित हॉलवर हे साडेसहाशे किलो टाकून वर 'लाइटवेट स्ट्रक्चर' असं लेबल लावलेलं मी पाहिलंय. करायचं असं: माती आणि सायकली फक्त बाहेरच्या कड्यावर, जिथे खाली फॉयर (प्रवेशाचं दालन) आणि प्रेक्षकांच्या मागची जागा आहे आणि १२-१५ मीटरवर कॉलम देता येतात. मधलं छत हलकं ठेवा, उत्तरेकडून उजेड घ्या. थेट ऊन ट्रॅकवर पडता कामा नये. ताशी साठ-सत्तरने जाणाऱ्या खेळाडूच्या डोळ्यांवर तिरीप आली तर काय होईल, सांगायला नको.

केस स्टडीत कोपनहेगनचा कोपनहिल प्रत्येकाच्या शीटवर असतोच. २०१९ला खुला झाला, कचऱ्यापासून ऊर्जा करणाऱ्या प्रकल्पाच्या छतावर स्की. पण नीट बघा, लोक घसरतात ते प्लास्टिकच्या मॅटवरून. चाकांनाही तेच लागू. पुण्याच्या जुलैत गवतावरून सायकली गेल्या तर आठवड्यात चिखल. म्हणून चालवायचा पट्टा कडक पृष्ठभागाचा, दुतर्फा वाहतुकीसाठी ४ मीटर रुंद, आणि हिरवळ त्याच्या कडेने. छताचं नातं जमिनीशी कसं जोडायचं ते बघायचं असेल तर बर्लिनचा व्हेलोड्रोम जास्त उपयोगाचा. डोमिनिक पेरॉ यांनी तो जमिनीत बुडवला आणि भोवती सफरचंदाची झाडं लावली.

हिरवळ म्हटलं की सगळे इंग्लंडचं लॉन रंगवतात. त्यापेक्षा कासला जाऊन या. जांभ्या खडकावर काही इंच माती, पावसाळ्यात गेंद, तेरडा आणि सीतेची आसवे, मार्चमध्ये सगळं पिवळं. आपल्या हवेत पातळ मातीचं छत कसं वागेल याचा यापेक्षा चांगला नमुना नाही. (रोपं उपटून आणू नका, ते जागतिक वारसास्थळ आहे.) एका रेंडरमध्ये तरी मार्च महिना दाखवा. मी पिवळं छत लावलं तेव्हा एका परीक्षकांनी पेन खाली ठेवून विचारलं, "हे मुद्दाम आहे?" पुढची सगळी चर्चा पाण्यावरच झाली, आणि त्याचीच तयारी माझी सगळ्यात पक्की होती.

वॉटरप्रूफिंगला सवयीने ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा आणि सिमेंटचा थर) लिहू नका. १० सेंटिमीटर कोबा म्हणजे आणखी २०० किलो, आणि तो मातीखाली गेला की लीकेज कुठून आहे ते शोधायला अख्खी बाग उकरावी लागते. त्याऐवजी पाणी अडवणारी मेम्ब्रेन, मुळं अडवणारा थर, ड्रेनेज शीट, कापड, मग माती. पाणी जायच्या प्रत्येक तोंडावर झाकणाची पेटी आणि भोवती फूटभर खडी, म्हणजे माळ्याला ते तोंड गवतातही सापडतं. माती टाकायच्या आधी पाणी भरून ठेवायची टेस्ट कामाच्या क्रमात लिहा. आणि छतावर नळ द्या, कारण एप्रिलमध्ये पाणी घालायला कोणीतरी वर जाणारच आहे.

उतरण्याचा विचार फार थोडे करतात. ५ टक्क्यांच्या सलग उतारावर ब्रेक न लावता सायकल ताशी तीसच्या पुढे सहज जाते, आणि बहुतेक प्लॅनमध्ये रॅम्प संपतो तो थेट तिकीटखिडकीच्या रांगेत. शेवटचे ३० मीटर सपाट करा, एक मोठं वळण द्या, कठडा १.४ मीटरचा ठेवा.

एक गोष्ट मात्र लाडाने करा. लंडनला खालच्या आणि वरच्या प्रेक्षागृहाच्या मध्ये सलग काच आहे. तुमचा रॅम्प त्या उंचीवरून जाताना काच आली, तर भाजी घेऊन घरी निघालेल्या माणसाला आतली शर्यत दिसते. आणि पुढे काचेच्या वर गेलेला रॅम्पच तिला सावली देतो.

लाकडी ट्रॅक घ्यायचा तर आतली आर्द्रता सांभाळणारी यंत्रणा सेक्शनमध्ये दाखवा. लंडनला शर्यतीच्या वेळी ट्रॅकवर २८ अंश ठेवतात. गरम हवा विरळ असते, म्हणून वेग मिळतो. प्रेक्षकांना तेवढं नको असतं, म्हणून दोघांची हवा वेगळी. एवढं झेपत नसेल तर सरळ काँक्रीटचा ट्रॅक घ्या. कमी मार्क पडत नाहीत.

दिल्लीच्या इंदिरा गांधी संकुलात २०१०च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी बांधलेला बंदिस्त लाकडी ट्रॅक आहे. तिथे जाऊन वळणाच्या खाली उभे राहा, त्या भिंतीची उंची फोटोत कळत नाही. परवानगीला वेळ लागतो, तेव्हा कॉलेजच्या लेटरहेडवरचं पत्र दिवाळीच्या सुट्टीआधीच पाठवा, आणि ट्रॅकच्या खालची जागा बघायची आहे असं त्यात स्पष्ट लिहा. नाहीतर स्टँडवरून ट्रॅक दाखवतात आणि परत पाठवतात.